गोंगाटात हरवणारे लक्ष

वाचलेले वाक्य काही क्षण मनात धरून पुढच्या वाक्याशी जोडणाऱ्या क्षमतेला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. तिची धारणशक्ती फार तोकडी असल्यामुळे, ऐकायचे नाही असे ठरवले तरी कानावर पडणारे बोलणे तिच्यात शिरते आणि अर्थाचा धागा तुटतो. पंख्याच्या एकसुरी घरघरीची सवय होते, पण सतत बदलणाऱ्या आवाजाची सहसा होत नाही.

न्यूयॉर्कमधील उन्नत रेल्वेमार्गालगतच्या एका शाळेत, रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे असल्याचे अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, आणि पुढे रुळांखाली रबर व वर्गांत ध्वनिशोषक छत बसवल्यावर ही तफावत नाहीशी झाली. दोष मुलांच्या बुद्धीत नव्हता, हे यातून स्पष्ट झाले. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात, जेथे अनेक घरे लोहमार्गाला खेटून आहेत, हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा.

रेल्वे थांबवता येत नाही. ध्वनिवर्धक मात्र थांबवता येतो. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल देताना, ध्वनिवर्धक वापरणे हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नसल्याचे म्हटले. शांतता क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. उत्सव मंडळांनी, निदान परीक्षेच्या दिवसांत, ती स्वतःहून पाळावी.