आठ वजीर आणि खोडरबर नसलेली भाषा

बुद्धिबळाचा पट घ्या आणि त्यावर आठ वजीर अशा रीतीने मांडा की, एकालाही दुसऱ्याला मारता येऊ नये. एवढे वजीर घरात नसणारच. चिंचोके किंवा बटणे घेतली तरी चालतील. वजीर आडवा, उभा आणि तिरका, वाटेल तितकी घरे जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. पाच-सहा चिंचोके भराभर बसतात. मग सातव्याला जागाच उरत नाही! तुम्ही एक चिंचोका उचलता, दुसरीकडे ठेवता. मग आणखी एक उचलता. थोड्या वेळाने आपण कोणकोणत्या मांडण्या करून पाहिल्या हेच आठवेनासे होते.

हे कोडे माक्स बेत्सेल या जर्मन बुद्धिबळपटूने १८४८ मध्ये मांडले. १८५० मध्ये फ्रान्ट्स नाउक याने त्याची सर्व ९२ उत्तरे दिली. त्याच वर्षी थोर गणिती गाउस यानेही आपला खगोलशास्त्रज्ञ मित्र शूमाखर याला लिहिलेल्या पत्रांत या कोड्याचा ऊहापोह केला. पुढे संगणक आले, आणि संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात हे शिकवण्यासाठी हेच कोडे शिक्षकांच्या फार आवडीचे झाले. १९७२ मध्ये डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी आज्ञावली पायरीपायरीने कशी रचावी हे दाखवताना याचेच उदाहरण घेतले होते.

संगणक वेगवान असतो, मग त्याने सगळ्याच मांडण्या तपासून का पाहू नयेत? आधी हिशेब करू या. ६४ घरांतून कोणतीही ८ घरे निवडण्याचे प्रकार होतात ४४२ कोटी ६१ लाख ६५ हजार ३६८. पण एका आडव्या रांगेत दोन वजीर चालणारच नाहीत. म्हणून प्रत्येक रांगेत एकच वजीर ठेवायचा असे ठरवले, तर प्रकार उरतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. उभ्या रांगांनाही तोच नियम लावला की, फक्त ४०,३२०. पाहिलेत ना, यंत्राला हात लावण्यापूर्वी नुसत्या विचाराने केवढे काम वाचले!

आता मांडणी लिहायची सोपी रीत पाहा. पहिल्या आडव्या रांगेतला वजीर कितव्या घरात आहे तो अंक आधी, मग दुसऱ्या रांगेतल्याचा, याप्रमाणे. १५८६३७२४ या आकड्यांचा अर्थ असा : पहिल्या रांगेत वजीर पहिल्या घरात, दुसऱ्या रांगेत पाचव्या, तिसऱ्या रांगेत आठव्या घरात. चिंचोके मांडून पाहा. हे एक खरे उत्तर आहे.

आता आपल्या गोष्टीतली भाषा. तिचे नाव एक्सएसएलटी. १९९९ च्या नोव्हेंबरात तिची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. समजा, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाची यादी संगणकात ठेवली आहे आणि प्रत्येक नोंदीत ‘हे पुस्तकाचे नाव’, ‘हा लेखक’, ‘ही किंमत’ अशा खुणा घातल्या आहेत. खुणा घातलेल्या या मजकुराला एक्सएमएल म्हणतात. या यादीचा सुबक तक्ता करायचा असेल, तर लेखक कुठे छापायचा, किंमत कुठे, हे सांगणारे साचे लिहावे लागतात. असे साचे लिहिण्यासाठीच एक्सएसएलटी निघाली. बुद्धिबळाशी तिचा काडीचाही संबंध नाही. विळीने पेन्सिलीला टोक काढावे, तसाच हा प्रकार आहे. पण टोक निघते, आणि ते कसे निघते हे पाहण्यात मजा आहे.

अडचण कुठे येते ती पाहा. बहुतेक संगणक-भाषांत ‘चल’ म्हणजे पाटीवरची एक चौकट असते. तीत ५ लिहा, नको झाले की पुसून ६ लिहा. वजीर ठेवणे आणि उचलणे म्हणजे असेच लिहिणे आणि पुसणे. एक्सएसएलटीत मात्र पुसायची सोयच नाही! एकदा चलाला किंमत दिली की ती बदलता येत नाही. नावाने चल, वागण्याने अचल. हे मुद्दाम केलेले आहे. एका नोंदीवर काम करणाऱ्या साच्याने दुसऱ्याची पाटी पुसू नये, म्हणजे कोणतीही नोंद आधी वा नंतर हाताळली तरी तक्ता बिघडणार नाही, हा त्यामागचा विचार. मग ज्या कोड्यात उचलल्यावाचून गत्यंतर नाही, ते या भाषेत सुटावे कसे?

वर्गात एक खेळ खेळून पाहा. कोडे लहान घेऊ : चार बाय चारचा पट आणि चार वजीर. चार मुले ओळीने बसवा. पेन द्या, पेन्सिल नको. पहिला मुलगा १, २, ३ आणि ४ अशा चार चिठ्ठ्या लिहून एकेक पुढे देतो. दुसऱ्याने आलेल्या चिठ्ठीवर काहीही लिहायचे नाही. तिची नक्कल करून शेवटी एक अंक जोडायचा. जोडता येतील तितक्या नव्या चिठ्ठ्या करायच्या आणि एकेक पुढे पाठवायची. १ पासून १३ आणि १४ अशा दोन होतात. २ पासून फक्त २४. तिसऱ्या मुलाकडे १३ आली की तो चारही अंक तपासतो, एकही बसत नाही. तो गप्प राहतो. १४ पासून १४२ होते, पण चौथ्या मुलाला तिच्यात काही जोडता येत नाही. २४ ची २४१ होते आणि तिची २४१३. चार अंक पुरे झाले, उत्तर फळ्यावर! दुसरे उत्तर ३१४२. सगळ्या मिळून चिठ्ठ्या झाल्या ४, ६, ४ आणि २, म्हणजे १६. या खेळात कोणी काही खोडले का? वजीर उचलावा लागला का? नाही. चिठ्ठी निरुपयोगी ठरली तर ती तिथेच संपली, आणि जो मुलगा थांबला होता त्याने आपली पुढची चिठ्ठी काढली.

एक्सएसएलटीत नेमके हेच करतात. तिथे मुलांच्या जागी एकच साचा असतो आणि तो स्वतःलाच हाक मारतो. हाक मारताना त्याच्या हाती दोन गोष्टी दिलेल्या असतात : आतापर्यंतची मांडणी आणि करून पाहायचा अंक. अंक बसला तर साचा अधिक लांब मांडणी देऊन स्वतःला हाक मारतो. ते काम आटोपले की, अंक एकाने वाढवून पुन्हा हाक मारतो, मांडणी तीच. अंक आठाच्या पुढे गेला की काही न करता परततो. मांडणी आठ अंकी झाली की ती छापतो. कोणती हाक अर्धवट थांबली आहे याची आठवण यंत्र स्वतः ठेवते. आपण ‘मागे फिर’ अशी आज्ञा कुठेच लिहीत नाही. (२००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘१ ते ८’ असे सरळ लिहिता येऊ लागले, त्यामुळे अंक वाढवण्यासाठी हाक मारण्याची गरज उरली नाही. मला मात्र जुनी रीत अधिक आवडते. तिच्यात युक्ती उघडी दिसते.)

राहिली तपासणी. दोन अंक सारखे असतील तर उभ्या रांगेत मारामारी, हे उघडच आहे. तिरक्या रेषेचे काय? इथे गाउसने पत्रात सांगितलेली बेरजेची रीत उपयोगी पडते. मांडणीच्या अंकांत क्रमाने १ ते ८ मिळवा. १५८६३७२४ साठी बेरजा येतात २, ७, ११, १०, ८, १३, ९, १२. मग उलट क्रमाने ८ ते १ मिळवा : ९, १२, १४, ११, ७, १०, ४, ५. दोन्ही ओळींत एकही बेरीज दुसऱ्यांदा आली नाही, म्हणजे तिरकी मारामारी नाही. का, ते पटावर एका तिरक्या रेषेतल्या घरांचे क्रमांक लिहून पाहा. १९९९ च्या आवृत्तीत वजाबाकीचे उणे चिन्ह काढून टाकण्याची तयार सोय नव्हती. तिथे ही नुसत्या बेरजेची रीत फार सोयीची.

आठ वजिरांसाठी हा खेळ खेळलात तर चिठ्ठ्या किती होतील? रांगेगणिक ८, ४२, १४०, ३४४, ५६८, ५५०, ३१२ आणि ९२. आधी गर्दी वाढते, पाचव्या रांगेत सर्वांत जास्त होते, मग ओसरते. एकूण २,०५६. कोठे ४४२ कोटी आणि कोठे दोन हजार! त्या ९२ उत्तरांतही पट फिरवून किंवा आरशात पाहून मिळणारी उत्तरे एकच मानली, तर खरी वेगळी बाराच उरतात. अकरांची प्रत्येकी आठ रूपे, बाराव्याची चारच. ते बारावे ३५२८१७४६. चिंचोके मांडा आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहा.

पट मोठा केला की मात्र चिठ्ठ्यांचा पूर येतो. नऊ वजिरांची उत्तरे ३५२, दहांची ७२४. २०१६ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तंत्र विद्यापीठातून २७ वजिरांची मोजणी पुरी झाली. उत्तरे निघाली २,३४,९०,७९,६७,१५,४१,२२,५२८. त्या कामाला एक्सएसएलटी बिचारी पुरी पडली नसती. तिथे या कामासाठी खास जुळवलेले विद्युत-मंडल वापरले होते.

तुमच्यासाठी सहा वजिरांचा पट योग्य. सहा मुले बसवा आणि चिठ्ठ्या पुढे सरकवा. १ ने सुरू होणारी एकही चिठ्ठी सहाव्या मुलाच्या हातून फळ्यावर जाणार नाही. २ ची चिठ्ठी मात्र शेवटी २४६१३५ होऊन बाहेर पडेल. उत्तरे सगळी मिळून चार आहेत. उरलेली तीन शोधून काढा.