आरसीसी डिझाइनमधले ‘एआय’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बांधकामाच्या डिझाइन ऑफिसात संगणकातून आलेल्या कुठल्याही आकड्याला हल्ली ‘एआयने काढलेला’ म्हणतात. पहिला गैरसमज इथेच आहे. स्टॅड किंवा ईटॅब्स ही सॉफ्टवेअर मुळात संरचनेच्या समतोलाची समीकरणे सोडवतात. तीच माहिती दिली तर तेच उत्तर मिळते. चॅटजीपीटीसारखे भाषेचे मॉडेल समीकरणातून नव्हे, तर वाचलेल्या प्रचंड मजकुराच्या आधारे पुढचा संभाव्य शब्द निवडत उत्तर रचते. गणितासाठी ते वेगळा प्रोग्रॅम चालवू शकते, पण कोणते सूत्र घ्यायचे हे बहुधा त्या मजकुरातूनच ठरते.

त्यामुळे ‘त्याला आयएस कोड पाठ आहे’ हा समज धोक्याचा ठरतो. काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस ४५६ च्या, १९७८ च्या आवृत्तीत काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक ५७०० गुणिले एफसीकेचे (काँक्रीटच्या ठरलेल्या ताकदीचे) वर्गमूळ असा होता. २००० मध्ये तो ५००० गुणिले वर्गमूळ झाला. एम२५ साठी जुना आकडा २८,५०० येतो, नवा २५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. जुने सूत्र वापरल्यास बीम सुमारे १४ टक्के जास्त ताठ भासतो आणि डिफ्लेक्शन कमी दिसते. आरसीसीसाठी किमान प्रतही याच सुधारणेत एम१५ वरून एम२० झाली. जुनी पाठ्यपुस्तके आणि नोट्स मात्र अजून फिरत आहेत. मॉडेलने त्यांतले सूत्र उचलले, तरी उत्तराचा सूर तितकाच ठाम असतो. कधी कलमाचा क्रमांकही मनचाच असतो. कोडची चालू प्रत सोबत जोडली की चुका कमी होतात, पण सुधारणापत्रके आणि तक्त्यांखालच्या टिपा स्वतः वाचाव्याच लागतात.

काँक्रीटच्या कामात एआयचा वापर कालपरवाचा आहे, असेही नाही. तैवानमधील आय-चेंग येह यांनी १९९८ मध्येच न्यूरल नेटवर्कने काँक्रीटची ताकद वर्तवून दाखवली. त्यांनी खुल्या केलेल्या संग्रहात १०३० नमुने आहेत. सिमेंट, पाणी, फ्लाय अ‍ॅश, वय अशा आठ गोष्टी दिल्या की ताकदीचा अंदाज मिळतो. या आठांत वाळूचे वजन आहे, वाळूचा प्रकार नाही. महाराष्ट्रात बेसॉल्टच्या क्रश सँडचे काँक्रीट सर्रास होते. त्याला हा अंदाज लागू पडेलच असे नाही. २८ दिवसांची क्यूब टेस्ट त्यामुळे टळत नाही.

‘मशीन चुकत नाही’ हा समज तर एआयच्याही आधीचा. नॉर्वेतील स्टॅव्हँगरजवळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया समुद्रात बुडाला. संगणकीय विश्लेषणात भिंतींच्या सांध्यांवरील शिअर सुमारे ४७ टक्के कमी आला होता. प्रोग्रॅमने त्याला दिलेले गणित बरोबर सोडवले. पण विश्लेषणासाठी संरचनेचे तुकडे पाडणारी जाळी (मेश) ओबडधोबड होती. अपघातानंतर बारकाईने केलेल्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर निकामी होईल असे दिसले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर गेली.

पण एवढ्यावरून भाषेची ही मॉडेल टाकाऊ ठरत नाहीत. बार बेंडिंग शेड्यूलसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिणे, लांबलचक मृदा-अहवालातून धारणक्षमतेचे आकडे शोधणे, पत्रांचे मसुदे करणे ही कामे ती झटपट करतात आणि तिथली चूक मूळ कागदाशी ताडून सापडते. बीमचा कमाल मोमेंट हाताने ताडायला तर वहीचे एक पान पुरते. राहिला प्रश्न जबाबदारीचा: स्थैर्य प्रमाणपत्रावर सही स्ट्रक्चरल इंजिनीअरची असते, आणि आकडा कुठल्याही साधनाने काढलेला असला तरी त्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते.