पाच गुंठ्यांचे गणित

बीड जिल्ह्यात सोयाबीनची काढणी सुरू झाली की गावोगावी एक छोटेसे, पण दूरगामी परिणामाचे काम हाती घेतले जाते. शेतात चार खुंट्या रोवल्या जातात, त्यांना दोरी बांधली जाते, दोरीच्या आतले पीक कापून मळले जाते आणि निघालेले धान्य काट्यावर तोलले जाते. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. मात्र काट्यावरचा तो आकडा पुढे हजारो शेतकऱ्यांच्या नुकसानभरपाईचा आधार ठरतो. शाळा सुटली की गणित सुटले, असे मानणाऱ्या समाजात गणित किती खोलवर रुजलेले आहे, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

त्रैराशिकाचा वारसा

या प्रयोगामागचा हिशोब आठ शतकांहून अधिक जुना आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि ‘लीलावती’ हा त्यातील अंकगणिताचा भाग होय. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असल्याचे त्यांनी सांगितले आहे. हे विज्जडविड म्हणजे आजचे बीड, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. तर चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या वंशजांसंबंधीचा शिलालेख सापडल्याने इतरांनी त्या परिसराला कौल दिला. हा वाद कसाही मिटो, त्यांनी सुबोध करून सांगितलेले त्रैराशिक मात्र बीडच्या शेतात आजही वापरात आहे.

त्रैराशिकात तीन राशी ज्ञात असतात : प्रमाण, फळ आणि इच्छा. फळाला इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे, म्हणजे चौथी राशी मिळते. समजा, १० मीटर लांब व ५ मीटर रुंद अशा तुकड्यातून ६ किलो सोयाबीन निघाले. येथे ५० चौरस मीटर हे प्रमाण, ६ किलो हे फळ आणि एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर ही इच्छा. उत्तर येते १,२०० किलो, म्हणजेच हेक्टरी १२ क्विंटल. तुकड्याचा आकार पिकानुसार बदलतो; रीत तीच राहते.

तुकडा कोणता निवडावा?

हिशोब सोपा आहे. अवघड प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कोणत्या शेतातला कोणता तुकडा घ्यायचा? बीड जिल्ह्यात या प्रश्नाला फार महत्त्व आहे. उत्तरेस गोदाकाठची काळी, खोल जमीन आणि दक्षिणेस बालाघाटाच्या पठारावरची हलकी, मुरमाड जमीन असा हा जिल्हा आहे. एकाच गावच्या शिवारातही ओढ्याकाठचे पीक कमरेइतके वाढलेले, तर माळावरचे वीतभर, असे दृश्य दिसते. पाहणारा चांगल्या शेतात शिरला तर गावाचे उत्पन्न फुगते. वाईट शेतात शिरला तर ते खाली येते. मनात कपट असण्याचीही गरज नाही. रस्त्यालगतचे शेत सोयीचे वाटते, डोळ्यांत भरणारे पीक नजर ओढून घेते आणि तेवढ्यानेच निष्कर्ष बिघडतो.

पूर्वी पिकाचा अंदाज मुख्यतः नजरेने बांधला जाई. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मे, अशी ही आणेवारी. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. अनुभवी माणसाची नजर मोलाची खरी. तथापि दोन अनुभवी माणसांच्या नजरा एकाच शेतावर वेगवेगळा निकाल देतात, ही तिची मर्यादा आहे.

बुध गावचा सांख्यिक

या अडचणीतून मार्ग काढणाऱ्यांत एका मराठी माणसाचे नाव अग्रभागी आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते लंडनला गेले आणि तेथे त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. १९४० मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले. दुष्काळ आणि धान्यटंचाई यांनी ग्रासलेल्या त्या दशकात देशात धान्य नेमके किती पिकते, हा प्रश्न जीवनमरणाचा होता. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी यदृच्छ निवडीवर आधारलेली पीक कापणीची पद्धत विकसित केली.

यदृच्छ निवड म्हणजे चिठ्ठी टाकून करावी तशी निवड. पीक असलेल्या गटांतून कोणता गट घ्यायचा, हे यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून ठरते. निवडलेल्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून लांबीच्या दिशेने किती आणि रुंदीच्या दिशेने किती पावले जायचे, हेही तशाच अंकांनी ठरते. पावले जेथे थांबतील तेथे पहिली खुंटी. तेथे पीक विरळ असो वा दाट, जागा बदलायची नाही. शिवारातील प्रत्येक तुकड्याला निवडले जाण्याची संधी मिळते आणि माणसाच्या आवडीनिवडीला वाव राहत नाही.

तुकडा केवढा असावा, यावरही त्या काळी मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लहान आकाराच्या तुकड्यांचा वापर केला होता. त्यात श्रम आणि खर्च कमी लागतो. फार लहान तुकड्यांतून उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले. कारण मार्मिक आहे. दोरीवर येणारे रोप आतले की बाहेरचे, असा संशय आला की हात ते आत ओढतो. एक मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याला एका चौरस मीटरमागे ४ मीटर कड असते. १० बाय ५ मीटरच्या तुकड्याची कड ३० मीटर व क्षेत्र ५० चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरमागे अवघी ६० सेंटिमीटर. कड जितकी कमी, तितका संशयाला वाव कमी.

पुढे १९५१ पासून सुखात्मे यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा सांभाळली. १९७१ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ किताब मिळाला. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोनशे ग्रॅमची किंमत

प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या निकषांनुसार महसूल मंडळ हे एकक असल्यास एका पिकासाठी किमान १० प्रयोग घ्यावे लागतात. प्रत्येकी ५० चौरस मीटर धरले तर सर्व मिळून ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५ गुंठे. या पाच गुंठ्यांवर संपूर्ण मंडळाचे उत्पन्न ठरते.

भरपाईचा हिशोब असा : मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन ती जोखीमस्तराने गुणली की उंबरठा उत्पन्न निघते. उदाहरणादाखल, सरासरी हेक्टरी १५ क्विंटल व जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर उंबरठा १०.५ क्विंटल. प्रयोगांत प्रत्येक तुकड्यातून सरासरी ४ किलो २०० ग्रॅम निघाले, तर हेक्टरी उत्पन्न ८.४ क्विंटल आणि तूट २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये मानल्यास भरपाई १०,००० रुपये होईल. आता कडेची रोपे आत घेतल्याने किंवा धान्य ओले तोलल्याने प्रत्येक तुकड्यात केवळ २०० ग्रॅम वाढले, असे समजा. उत्पन्न ८.८ क्विंटल होते, तूट १६.२ टक्क्यांवर येते आणि प्रत्येक हेक्टरमागे सुमारे १,९०० रुपये कमी मिळतात. हा फटका प्रयोग झालेल्या शेतापुरता राहत नाही. मंडळातील प्रत्येक विमाधारकाला तो बसतो.

बीडच्या नावाचे सूत्र

गणिताच्या एका सूत्राला बीडचे नावही लाभले आहे. वारंवार होणाऱ्या नुकसानीमुळे या जिल्ह्यात पीक विम्यासाठी कंपन्या पुढे येईनात. तेव्हा २०२० च्या खरीप हंगामात भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत ८०-११० हे सूत्र अमलात आले. जमा हप्ता १०० रुपये असता भरपाई ६० रुपये झाली, तर कंपनीने जास्तीत जास्त २० रुपये ठेवून उरलेले २० रुपये राज्य शासनाला परत करावेत. भरपाई १३० रुपये झाली, तर कंपनीने ११० रुपयांचा भार उचलावा व वरचे २० रुपये शासनाने द्यावेत. नफ्याला मर्यादा आणि तोट्यालाही मर्यादा, असा हा साधा शेकडेवारीचा करार. ‘बीड पॅटर्न’ या नावाने तो पुढे राज्यात इतरत्रही स्वीकारला गेला.

आकडा सर्वांचा

सूत्र कितीही निर्दोष असले, तरी त्यात घातलेला आकडा खरा असेल तरच उत्तर खरे येते. म्हणूनच पीक कापणीच्या दिवशी शेतकऱ्यांनी बांधावर उपस्थित राहणे अगत्याचे आहे. गट कोष्टकानुसार निवडला का, खुंट्यांमधले अंतर फितीने मोजले का, काटा शून्यावर होता का, ओलाव्याची नोंद झाली का, आणि नोंदवहीत लिहिलेले वजन काट्यावरचेच आहे का, हे पाहण्यासाठी उच्च गणिताची आवश्यकता नाही. चौथी-पाचवीतील मुलगा-मुलगीही हा पडताळा करू शकेल. गावच्या शाळेने त्रैराशिकाचा धडा एखादे वर्षी या बांधावरच घ्यावा. आपल्या आईवडिलांच्या वर्षभराच्या कष्टांचे माप कसे निघते, हे ज्या मुलांनी स्वतः मोजून पाहिले, त्यांना गणित कशासाठी शिकावयाचे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.