ड्राइव्हवरची मोटर : वायर आणि एमसीबी कोणत्या मापाची?

मालेगाव, भिवंडीकडच्या सायझिंगवाल्यांना ड्राइव्ह म्हणजे काय हे सांगायला नको. व्हीएफडी या नावाने मिळणारा हा डबा मोटरीची गती हवी तशी कमी-जास्त करतो. ड्राइव्ह नवा येतो, वायरिंग मात्र जुनीच राहते. पुढे भर दुपारी एमसीबी पडू लागते. वायरमन म्हणतो, "मालक, मोठी बसवू." मोठी बसते, पडणे थांबते आणि धोका तिथूनच सुरू होतो. कारण ही एमसीबी मोटरीसाठी नसते, ती वायर जळू नये म्हणून असते. मोटरीची राखण ड्राइव्ह स्वतः करतो, पण त्यात मोटरीच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा भरलेला असेल तरच.

मग एमसीबी पडते का? 10 एचपीची, 415 व्होल्टची मोटर पूर्ण भारावर सुमारे 14 अँपिअर घेते. आपण त्याच हिशोबाने चालतो. ड्राइव्ह मात्र लाइनची वीज आधी डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवतो. हे कपॅसिटर वीज सलग ओढत नाहीत, झटक्याझटक्याने ओढतात. त्यामुळे काम तेवढेच असूनही मागची वायर जास्त तापते. चोक नसेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून मोटरीचे एचपी बाजूला ठेवा आणि ड्राइव्हच्या पाटीवर 'इनपुट' पुढे लिहिलेले अँपिअर पाहा.

समजा तिथे 20 लिहिले आहे. त्यावर चौथा हिस्सा वाढवा, म्हणजे वायर निदान 25 अँपिअर पेलणारी हवी. पाइपातली 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थंड खोलीत चालून जाईल. पण वाफेच्या सिलिंडरांनी तापलेल्या सायझिंगमध्ये वायरीची ताकद घटते, तिथे 6 चीच घालावी. एमसीबी 25 ची, सी प्रकारची. ड्राइव्हच्या पुस्तिकेत याहून लहान कमाल माप दिले असेल तर तेच पाळावे. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला सहापट करंट ओढते, म्हणून पूर्वी एमसीबी मोठी घेत. ड्राइव्ह मोटरीला हळूहळू उचलतो, त्यामुळे ती सबब आता उरत नाही.

सिंगल फेजवर लेथ चालवणाऱ्या कारागिरांनी जास्त जपावे. तीन वायरींचे काम इथे दोनच वायरी करतात. इनपुट मोटरीच्या करंटच्या दुपटीवर सहज जाते आणि न्यूट्रलही फेजइतकीच जाड लागते. शिवाय असा ड्राइव्ह 230 व्होल्टच देतो. मोटर स्टारमध्ये 415 ची असेल तर ती डेल्टात जोडावी लागते. सगळ्याच मोटरींना हे चालत नाही, म्हणून आधी तिची पाटी वाचावी.

ड्राइव्ह ते मोटर या टप्प्यात जुना कपॅसिटर असेल तर काढून टाका. तिथला कॉन्टॅक्टर चालत्या मोटरीवर उघडू नका. केबल होईल तेवढी आखूड ठेवा. लांब केबलमध्ये मोटरीच्या टोकाला व्होल्टेजचे तडाखे बसतात आणि जुनी वाइंडिंग जाते. अर्थिंगची वायर थेट मोटरीपर्यंत न्यावी. लाइन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते, तेव्हा डबा उघडण्यापूर्वी वायरमनला निदान दहा मिनिटे थांबवा.