पाट्या अनेक, गोदामे मोजकी

गूगलपेक्षा सरस सर्च इंजिन निघाले तर लोक उद्या तिकडे जातील, आणि ज्या अर्थी जात नाहीत त्या अर्थी गूगलच सरस, हा तर्क इतका सरळ दिसतो की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटतच नाही. सर्च इंजिन बदलायला पैसे पडत नाहीत, अर्ज भरावा लागत नाही, जुन्याची परवानगी लागत नाही. स्पर्धक एका क्लिकच्या अंतरावर आहे, असे गूगलही कितीतरी वर्षे सांगत आले आहे. यात खोटे काही नाही. पण माणसे सर्च इंजिन कशी धरतात, कधी सोडतात आणि सोडून नेमकी कुठे जातात, याचा गेल्या काही वर्षांत न्यायालयांत आणि प्रयोगांत जो पुरावा जमला आहे, त्यातून वेगळे चित्र उभे राहते. बहुसंख्यांनी सर्च इंजिन निवडलेलेच नसते, आणि ज्यांनी ते बदलले असे वाटते त्यांच्यातल्याही पुष्कळांना उत्तरे मिळतात ती दोन-तीन ठरावीक ठिकाणांहूनच.

गुणवत्तेच्या जोरावर बाजी उलटल्याचे उदाहरण आहे, हे आधी मान्य करायला हवे. डिसेंबर 1995 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्टाव्हिस्टा सुरू केले तेव्हा त्याचा वेग पाहून लोक थक्क होत. याहू मुळात सर्च इंजिन नव्हतेच. जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी 1994 मध्ये सुरू केलेली, माणसांनी विषयवार लावलेली ती संकेतस्थळांची सूची होती. मग 1998 मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांची कंपनी आली. एखाद्या पानाकडे दुसरी कोणती पाने बोट दाखवतात याला त्यांनी वजन दिले, आणि उत्तरांतला फरक कोणाच्याही नजरेत भरेल एवढा होता. पण या कथेतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. 2000 ते 2004 या काळात खुद्द याहूच्या पानावर गूगलची उत्तरे दिसत होती. म्हणजे लोकांनी गूगल हुडकून काढले हे जितके खरे, तितकेच तेव्हाच्या अत्यंत गजबजलेल्या दारात ते त्यांच्यापुढे आणून ठेवले गेले हेही खरे. हा धडा पुढे गूगलने इतर कोणाहीपेक्षा नीट गिरवला.

किती नीट, ते अमेरिकी सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये गुदरलेल्या खटल्यात बाहेर आले. फोन आणि ब्राउझरमध्ये आपले सर्च इंजिन आधीपासून बसवलेले असावे यासाठी गूगलने एकट्या 2021 मध्ये भागीदार कंपन्यांना 26.3 अब्ज डॉलर दिले. 2022 मध्ये त्यातल्या अॅपलचाच वाटा सुमारे 20 अब्जांचा होता. न्यायाधीश अमित मेहता यांनी 5 ऑगस्ट 2024 रोजी गूगलला मक्तेदार ठरवताना नोंदवले की अमेरिकेतले जवळपास निम्मे शोध अशा करारांनी बांधलेल्या जागांवरून होतात, आणि आणखी सुमारे 20 टक्के शोध लोकांनी स्वतः उतरवून घेतलेल्या गूगलच्याच क्रोम ब्राउझरमधून. तिथेही गूगलच बसवलेले असते. लोक एवीतेवी गूगलच घेणार असतील तर इतके पैसे मोजायचे कशाला, हा प्रश्न इथे साहजिक आहे. उलट बाजूचा पुरावाही त्याच निकालपत्रात सापडतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये बिंग आधीपासून बसवलेले असते, आणि तिथे सुमारे 80 टक्के शोध बिंगवर होतात. एरवी बिंगचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास. एज वापरणारे मुळातच मायक्रोसॉफ्टचे चाहते असतील, असे कोणी म्हणेल, आणि काही अंशी ते असेलही. पण ऑफिसच्या संगणकात जे होते तेच वापरणाऱ्या माणसाला चाहता म्हणणे जरा जास्तच झाले. शिवाय उत्तरांचा दर्जा बराच खालावला तरी सर्चच्या उत्पन्नाला धक्का लागणार नाही, असा निष्कर्ष काढणारा 2020 चा गूगलचा अंतर्गत अभ्यासही न्यायालयापुढे आला. पदोपदी गिऱ्हाईक गमावण्याची भीती असलेल्या कंपनीच्या दप्तरात असा कागद तयार होणे कठीण.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप फायरफॉक्सच्या उदाहरणावरून घेतला जातो. हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या फायरफॉक्समध्ये गूगल काढून याहू बसवले. सुरुवातीला याहूचा वाटा वाढला, मग लोक सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा गूगल लावू लागले, आणि 2017 मध्ये मोझिलानेच करार मोडून गूगल परत आणले. म्हणजे लोकांना कळते आणि नको असेल ते ते बदलतात, असा याचा अर्थ लावला जातो. तो बरोबर आहे, पण फायरफॉक्स वापरणारा माणूस म्हणजे बहुधा एकदा स्वतःहून ब्राउझर बदललेला माणूस. सेटिंग्जला तो बिचकत नाही. सरसकट लोकांचे काय होते हे हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झकाउ आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी 2025 च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अधिक स्पष्ट दिसते. संगणकावर शोध घेणाऱ्या अमेरिकी लोकांना त्यांनी गटांत विभागले. गूगलवाल्यांना फक्त 'कोणते हवे ते निवडा' असे विचारले, तर बिंगचा वाटा जेमतेम 1.1 टक्क्याने वाढला. इथे थांबलो तर गूगलचा दावा सिद्ध झाला म्हणायचे. पण दुसऱ्या गटाला पैसे देऊन दोन आठवडे बिंग वापरायला लावले. त्यांचे बिंगविषयीचे मत सुधारले आणि मुदत संपल्यावर 33 टक्के लोक आपखुशीने बिंगवरच राहिले. तिसऱ्या गटाचे सर्च इंजिन बदलून बिंग करून दिले, आणि त्यातल्या अनेकांनी ते परत बदललेच नाही. त्यामुळे लोकांची पसंती खोटी आहे असे म्हणता येत नाही, पण ती न चाखता ठरलेली आहे असे नक्की म्हणता येते. गूगलच्या जाहिरात विभागाचे एके काळचे प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी काढलेले, जाहिराती नसलेले नीवा हे सर्च इंजिन 2023 मध्ये बंद पडले, तेव्हा त्यांनीही साधारण हेच कारण दिले होते : इंजिन बांधणे जमले, लोकांना ते वापरून पाहायला लावणे जमले नाही.

'कोणते सर्च इंजिन हवे' असे फोनवरच विचारणारा निवडीचा पडदा युरोपप्रमाणे भारतातही आला आहे. अँड्रॉइडवरील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये गूगलने जाहीर केले की नवा फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडण्याचा पर्याय मिळेल. पण हातातल्या जुन्या फोनवर बदल करू जाणाऱ्याची वेगळीच गंमत होते. क्रोममधल्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारून, सेटिंग्जमध्ये जाऊन सर्च इंजिन बदलले, तरी होम स्क्रीनवरची गूगलची पट्टी तशीच राहते, कारण ती क्रोमचा भागच नाही. सर्च इंजिन बदलले अशा समजुतीत असलेला माणूस त्यानंतरही दिवसभर त्याच पट्टीत टाइप करत राहतो.

आता जे खरोखर बदलतात त्यांच्याकडे वळू, कारण त्यांचा गैरसमज जास्त मोठा आहे. सर्च इंजिन म्हणजे प्रश्न विचारताच सगळे इंटरनेट धुंडाळणारे यंत्र नव्हे. ते आधी कधीतरी पाने वाचून ठेवते, त्यांची अनुक्रमणिका म्हणजे इंडेक्स करते, आणि आपला शोध त्या इंडेक्सपुरताच असतो. अब्जावधी पानांचा इंडेक्स बाळगणे प्रचंड खर्चाचे असल्याने बाहेर पाट्या अनेक दिसल्या तरी माल थोड्याच गोदामांतून येतो. याहूने 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला आणि पुढे त्याची उत्तरे बिंगकडून येऊ लागली. फायरफॉक्समध्ये 2014 नंतर लोकांनी नाकारलेले याहू म्हणजे बऱ्याच अंशी बिंगच होते. डकडकगोची नेहमीची निळ्या दुव्यांची यादी मुख्यतः बिंगची. स्टार्टपेज गूगलची उत्तरे दाखवते. बर्लिनचे इकोशिया झाडे लावते, पण त्याचीही उत्तरे मुख्यतः बिंग आणि गूगलकडचीच राहिली आहेत. 23 मे 2024 रोजी बिंगच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा डकडकगो आणि इकोशियाही काही तास कोलमडले आणि चॅटजीपीटीचा इंटरनेटवरचा शोधही अडला. इतके दिवस जे पडद्याआड होते ते त्या दिवशी कोणी न सांगता दिसले. पूर्णपणे स्वतःचा इंडेक्स असलेली इंग्रजीतली इंजिने थोडीच : गूगल, बिंग, 2021 मध्ये सुरू होऊन 2023 मध्ये बिंगचा आधार सोडणारे ब्रेव्ह, ब्रिटनमधले छोटेखानी मोजीक. भाषेच्या बळावर उभी राहिलेली रशियाची यांडेक्स, चीनची बायडू, कोरियाची नेव्हर ही वेगळी गोष्ट, आणि चीनमध्ये तर गूगल 2010 पासून रिंगणातच नाही.

मग उत्तरे तीच येणार असतील तर डकडकगोवर जाण्यात अर्थ काय? अर्थ आहे, पण उत्तरांच्या बाबतीत नाही. ते तुमच्या शोधांचा इतिहास तुमच्या नावे साठवत नाही आणि जाहिरात दाखवते ती त्या क्षणी टाइप केलेल्या शब्दांवरून. हा फरक खरा आहे. मात्र खासगीपणाचे कवच सर्च इंजिनच्या पानापुरते असते. दुव्यावर टिचकी मारून पुढे गेलात की त्या संकेतस्थळाचे नियम लागू होतात. मे 2022 मध्ये डकडकगोचा ब्राउझर इतर संकेतस्थळांवरचे मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर अडवत नसल्याचे उघड झाले, तेव्हा अनेकांना फसवले गेल्यासारखे वाटले. या सवलतीमागे उत्तरांसाठी मायक्रोसॉफ्टशी केलेला करार होता, आणि काही महिन्यांनी कंपनीने ती सूट मोठ्या प्रमाणात काढून टाकली. याच जातीचा दुसरा भ्रम ब्राउझरमधल्या इनकॉग्निटोचा. त्यात फक्त आपल्या यंत्रावर इतिहास उरत नाही. संकेतस्थळाला, इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि ऑफिसच्या नेटवर्कला आपण दिसतोच. या मुद्द्यावर अमेरिकेत झालेल्या सामूहिक दाव्यात गूगलने 2024 मध्ये जमवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

चॅटजीपीटीमुळे हा सगळा वाद शिळा झाला, असे हल्ली ऐकू येते. अॅपलचे अधिकारी एडी क्यू यांनी मे 2025 मध्ये न्यायालयात सांगितले की सफारीमधले शोध प्रथमच घटले आहेत, आणि गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचा शेअर त्याच दिवशी सात टक्क्यांहून अधिक घसरला. सवय मोडू शकते याचा हा पुरावा मानायला हरकत नाही. पण ताजे काही सांगायचे तर बॉटलाही कोणाच्या तरी इंडेक्सचा आधार घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2025 मध्ये बिंगची उत्तरे इतर प्रोग्रामांना पुरवणारी सेवा सर्वसाधारण ग्राहकांसाठी बंद केली, तेव्हा छोट्या कंपन्यांपुढे मालच कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहिला. इंटरनेटवरची पानेही आता सगळ्यांना सारखी खुली राहिलेली नाहीत : रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने 2024 मध्ये गूगलशी पैशांचा करार केला आणि इतरांना दार लावून घेतले, त्यामुळे त्यावरच्या ताज्या चर्चा बिंगमध्ये दिसेनाशा झाल्या.

मराठीत शोधणाऱ्याला यातले काय लागू पडते? पहिली बाब गूगलच्या बाजूची आहे. मेहतांच्या निकालपत्रात गूगल आणि बिंगवरच्या 37 लाख वेगवेगळ्या शोधवाक्यांचे विश्लेषण आहे. त्यातली 93 टक्के वाक्ये फक्त गूगलने पाहिलेली होती, 4.8 टक्के फक्त बिंगने. प्रसिद्ध नावे आणि ठळक बातम्या सगळ्यांकडे सापडतात, फरक पडतो तो क्वचित विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत. आणि मराठीतला बराचसा शोध मला याच वर्गातला वाटतो, विशेषतः रोमन अक्षरांत टाइप केलेला, जिथे एकाच शब्दाची चार स्पेलिंगे होतात आणि आधीच्या लोकांनी शेवटी कशावर टिचकी मारली हे पाहिल्याशिवाय यंत्राला अर्थ लागत नाही. त्यामुळे ऑलकॉट प्रभृतींच्या प्रयोगातले अनुकूल आकडे मराठी शोधाला जसेच्या तसे लावणे मला धाडसाचे वाटते. इंग्रजीत बिंग किंवा ब्रेव्हवर दोन आठवडे सहज निघतील. मराठीत तुलना करायची तर गूगलपुढे याच दोघांना ठेवावे, बिंगशेजारी डकडकगो ठेवून काही नवे कळणार नाही. दुसरी बाब मात्र कोणत्याच इंजिनच्या हातातली नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग असतो. अशा फाइली आणि जुनी पाने आजही जागोजागी पडून आहेत, आणि त्या मजकुरापुरते गूगल, बिंग आणि ब्रेव्ह सारखेच आंधळे आहेत.