लहान आकार म्हणजे महिलांचा आकार नव्हे: नेमबाजीच्या साधनांतील मापाचा प्रश्न

बंगळुरूच्या आग्नेयेला असलेल्या एचएसआर लेआउट या वसाहतीचे नाव होसूर-सर्जापूर रस्त्याच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. नवउद्योगांची वसाहत म्हणून ती आज ओळखली जाते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजेच ‘निफ्ट’चे बंगळुरू संकुलही याच वसाहतीत आहे. भारतीयांच्या शरीराची मापे नव्याने घेण्याचा ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्टकडे सोपवला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या या प्रकल्पात १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरच्या साह्याने घेण्याचे ठरले. त्यासाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग यांच्याबरोबर बंगळुरूची निवड झाली.

भारतात विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांचे आकार दीर्घकाळ ब्रिटन आणि अमेरिकेतील तक्त्यांच्या आधारे ठरत आले आहेत. कुर्ता सैल झाला तर कोपऱ्यावरचा शिंपी तो आत घेऊन देतो. त्यात फारसे बिघडत नाही. परंतु रायफल नेमबाजीचे जॅकेट, पोलिसांचे अंगरक्षक चिलखत किंवा कमरेला लावायचे होल्स्टर यांच्याबाबतीत माप चुकले की त्याचा परिणाम गुणांवर, आरोग्यावर आणि प्रसंगी जिवावर होऊ शकतो. ही तिन्ही साधने पुरुषाचे शरीर डोळ्यांपुढे ठेवून घडत गेली. महिला आल्या तेव्हा त्यांच्यासाठी बहुधा तीच साधने एक-दोन आकारांनी लहान करण्यात आली.

जॅकेट नेमके काय करते?

१० मीटर एअर रायफल प्रकारात लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. उजव्या हाताने नेम धरणारी खेळाडू डावी बाजू लक्ष्याकडे करून उभी राहते, डाव्या कमरेचे हाड पुढे काढते आणि डावे कोपर त्या हाडाच्या आधाराने टेकवते. रायफलचे वजन तोलण्यासाठी पाठ मागे आणि किंचित बाजूला वाकवावी लागते. कॅनव्हास आणि चामड्याचे जाड जॅकेट या वाकलेल्या पाठीला आधार देते, तसेच हृदयाच्या ठोक्यांमुळे होणारी सूक्ष्म हालचाल बंदुकीपर्यंत पोहोचू देत नाही.

महिलांची कटी तुलनेने रुंद असल्यामुळे कोपर टेकवण्याची ही पद्धत त्यांना अधिक सोयीची ठरते, असे प्रशिक्षक सांगतात. मात्र पुरुषी बेताचे जॅकेट नेमके याच जागी आड येते. छाती आणि खांद्यांना ते रुंद, कमरेला ढगळ आणि नितंबांवर घट्ट बसते. पाठ वाकवली की ते वर सरकते, कमरेशी वळी पडते आणि कोपर हाडावर न टेकता त्या वळीवर टेकते. मुंढा खोल असेल तर रायफलचा दस्ता प्रत्येक वेळी खांद्याच्या वेगळ्या जागी बसतो. दोष नेमका कोठे आहे हे खेळाडूला कळत नाही; गुण तेवढे घसरलेले दिसतात.

जॅकेट आवळून घट्ट करावे, तर तेही नियमात बसत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार जॅकेटचे कापड एकेरी असता २.५ मिलिमीटरपेक्षा जाड असू नये. ताठपणा तपासण्यासाठी ६० मिलिमीटर व्यासाच्या जागेवर एक किलो वजन ठेवतात. कापड किमान ३ मिलिमीटर दबले पाहिजे. बटणे लावण्याच्या जागेपलीकडे जॅकेटची एक बाजू दुसरीवर आणखी ७० मिलिमीटर ओढता आली पाहिजे, अशीही अट आहे. स्पर्धेनंतरच्या तपासणीत पोशाख नियमबाह्य आढळल्यास खेळाडू बाद ठरते. शरीराची ठेवण ऋतुमान, सराव किंवा प्रसूती यांमुळे बदलत असते. जुन्या मापाचे जॅकेट वापरणारीला त्यामुळे एकीकडे आधार गमावण्याची आणि दुसरीकडे नियम मोडण्याची धास्ती असते.

महाराष्ट्राला या खेळाची परंपरा आहे. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आणि सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. प्रोन म्हणजे पालथे पडून नेम धरणे. या स्थितीत शरीराचा भार छातीवर येतो, त्यामुळे पुढची बटणे आणि अंतर्वस्त्रातील तार रुततात. तारविरहित, खेळासाठीचे अंतर्वस्त्र वापरणे आणि जॅकेटचे माप त्याच वस्त्रावरून घेणे हा त्यावरचा उपाय. सांगायला क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट अनेक नवख्या मुलींना पुरुष प्रशिक्षकाशी बोलता येत नाही, आणि त्या महिनोन् महिने वेदना सहन करीत राहतात.

२०१७ पर्यंत महिलांना एअर रायफलमध्ये ४० फैरी झाडाव्या लागत. २०१८ पासून पुरुषांप्रमाणेच ६० फैरी झाल्या आणि वेळ ७५ मिनिटांचा. समानतेच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. पण त्याबरोबर जाड जॅकेट आणि विजार अंगावर वागवण्याचा काळही वाढला, आणि वातानुकूलन नसलेल्या सराव केंद्रात एप्रिल-मे महिन्यांत याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको.

पिस्तूल नेमबाजांना जॅकेट लागत नाही, तरी मापाचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. लाकडी मूठ हाताच्या आकाराची असावी लागते. ती मोठी असल्यास बोट घोड्यापर्यंत सरळ पोहोचत नाही. मूठ घासून किंवा लाकडाचा लगदा भरून बसवून घेणे हा रूढ मार्ग आहे. कानांवरील संरक्षकाखाली वेणी, केसांचा जाड थर किंवा कर्णभूषण आले की फट राहते आणि आवाज आत शिरतो. गळा उघडा असेल तर उडालेली तापलेली पुंगळी कपड्यात पडून चटका बसतो. अशा वेळी दचकून हातातील शस्त्राची दिशा बदलणे हा खरा धोका होय. बंद गळ्याचा सदरा त्यासाठीच सुचवला जातो.

कमरेचा पट्टा आणि पाठीचा कणा

बंदोबस्तावरील महिला पोलिसांची अडचण वेगळी आहे. पुरुषाच्या कमरेचा पट्टा बऱ्याच अंशी सरळ उभ्या बाजूवर बसतो. महिलेच्या शरीरात कमरेखालचा भाग बाहेरच्या बाजूस उतरत जातो. त्यामुळे पट्ट्याला लावलेले होल्स्टर खाली बाहेर झुकते आणि पिस्तुलाची मूठ बरगड्यांत टोचते. धड लहान असल्यास पिस्तूल उपसण्यासाठी कोपर काखेपर्यंत वर न्यावे लागते. होल्स्टर पट्ट्यापासून थोडे खाली आणि बाहेर घेणारी जोडपट्टी वापरली की हे दोन्ही त्रास कमी होतात. ही रचना नवी नाही, महागही नाही.

पट्टा बांधण्यासाठी मुळात पँट हवी. कर्नाटकात ऑक्टोबर २०१८ मध्ये महिला पोलिसांनी कामावर साडीऐवजी खाकी शर्ट आणि पँट वापरावी, असा आदेश काढण्यात आला. त्या वेळी राज्याच्या पोलीस महासंचालकपदी नीलमणी राजू होत्या.

चिलखताच्या बाबतीत अमेरिकी लष्कराचा अनुभव बोलका आहे. अफगाणिस्तानातील महिला सैनिकांना पुरुषांच्या मापाची चिलखते कमरेच्या हाडांवर घासत, आणि खांद्याशी ती इतकी रुंद असत की रायफलचा दस्ता नीट टेकवता येत नसे. संरक्षणासाठी दिलेली वस्तू नेम धरण्याच्या आड येत होती. त्यानंतर अरुंद खांदे, छातीच्या जागी टक्स आणि कमी लांबी असलेले महिलांचे चिलखत तयार करून २०१२ पासून त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. भारतातही केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांसाठी दंगल नियंत्रणाचा स्वतंत्र अंगरक्षक संच ‘डीआरडीओ’च्या शरीरक्रियाशास्त्र विषयक प्रयोगशाळेने विकसित केला. तोपर्यंत त्यांना पुरुषांसाठी बनवलेले संच वापरावे लागत होते.

पर्समधील शस्त्र

खासगी शस्त्र बाळगणाऱ्या महिलांसाठी बाजाराने वेगळेच उत्तर शोधले. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये आणि वेष्टन दागिन्यांच्या पेटीसारखे. महिलेच्या पर्समध्ये मावेल, असा त्याचा प्रचार झाला. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचार प्रकरणाचा संदर्भ या नावामागे होता.

शस्त्र हलके असले की गोळी सुटतानाचा झटका हाताला अधिक जाणवतो, ही गोष्ट प्रचारात मागे पडली. पर्स हिसकावली गेली तर शस्त्रही जाते. किल्ल्या, पेन यांच्याबरोबर मोकळे ठेवलेले शस्त्र अपघाताला निमंत्रण देते. त्यासाठी घोडा पूर्ण झाकणारे म्यान आणि वेगळा कप्पा आवश्यक असतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवाना आणि त्यातील अटी स्त्री-पुरुष सर्वांना सारख्याच लागू आहेत. रिव्हॉल्व्हरच्या पेटीवर जेवढा विचार झाला तेवढा त्याच्या म्यानावर झालेला दिसत नाही.

जॅकेट मापावर शिवून घेणाऱ्या खेळाडूंनी छातीच्या घेरावर न थांबता आणखी काही मापे द्यावीत, असे जाणकार सुचवतात: दोन खांद्यांमधील अंतर, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतची पाठीची लांबी, कमरेच्या हाडावरचा घेर आणि मुंढ्याची खोली. सैल उभे राहून घेतलेले पाठीचे माप नेम धरताना वाकलेल्या पाठीला लागू पडत नाही, म्हणून ते दोन्ही स्थितींत घ्यावे. पहिली चाचणी रायफल हातात घेऊनच करावी आणि पुढील दुरुस्तीसाठी बटणांच्या बाजूला थोडे कापड राखून ठेवण्यास शिवणाऱ्याला आधीच सांगावे.