ड्रॅगची चाकं, रोजची गाडी

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीनं सरळ रेषेत ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापणं. रूढ अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. पुणेकरांना हा खेळ जवळचा झाला तो लोणावळ्यापलीकडच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ‘द व्हॅली रन’मुळे. तिथे महागड्या परदेशी गाड्यांबरोबर रोज ऑफिसला जाणाऱ्या गाड्याही धावतात. त्या रेस संपल्यावर घाट उतरून पुण्याच्या रस्त्यांवर परततात. अशा गाडीला चाकं निवडताना प्रश्न फक्त वेगाचा नसतो. ती गाडीला नीट बसतात का आणि रोज चालतील का, हे आधी पाहावं लागतं.

उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो घेऊ. 2009 पासून 2022 पर्यंत ती चाकणला बनत होती. पुण्यात ती भरपूर आहे आणि तिच्या टर्बो पेट्रोल इंजिनावर हौशी मंडळींचा जीव आहे.

जोर पुढच्या चाकांवर

अमेरिकन ड्रॅग गाड्यांच्या फोटोत मागे रुंद टायर आणि पुढे सायकलसारखी बारीक चाकं दिसतात. त्या गाड्यांचं इंजिन मागची चाकं फिरवतं. गाडी झेपावते तेव्हा वजन मागे सरकतं आणि त्याच चाकांची पकड वाढते. पोलो, स्विफ्ट, आय20 या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. झेपावताना वजन मागे गेलं की नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. म्हणून इथे चांगला टायर आधी पुढे हवा.

निव्वळ रेससाठी मागे बारीक चाक लावता येतं. रोजच्या गाडीत मात्र ते नको. मागची पकड पुढच्यापेक्षा कमी झाली, तर पावसात वळणावर ब्रेक मारताच मागचा भाग घसरतो. चारही चाकं सारखी ठेवावीत.

बोल्ट आणि बोअर

पहिलं माप पीसीडी, म्हणजे बोल्टच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार बोल्टच्या चाकात समोरासमोरच्या दोन केंद्रांमधलं अंतर मोजलं की झालं. पाच बोल्टच्या चाकात समोरासमोर बोल्ट नसतात; शेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर मोजून 1.7 नं गुणायचं. पोलोत ते अंतर सुमारे 58.8 मिलिमीटर भरतं, म्हणजे पीसीडी 5×100. स्विफ्ट, आय20 आणि जुन्या होंडा सिटीचा 4×100. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘शंभरचा पीसीडी’ एवढंच सांगितलं तर चार बोल्टचं चाक हातात पडू शकतं.

दुसरं माप बोअर, म्हणजे चाकाच्या मधलं भोक. पोलोचा हब 57.1 मिलिमीटरचा आहे. जुन्या टोयोटा कोरोलाचं चाकही 5×100 आहे, पण त्याचा बोअर 54.1, ते पोलोच्या हबवर चढणारच नाही. पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं चाक 5×100 आणि 57.1, म्हणजे दोन्ही मापांत जुळतं. पुढची मापं तरीही तपासावी लागतात. बाजारातल्या बहुतेक अलॉयचा बोअर मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. तिथे मधली फट भरणारी सेंटरिंग रिंग घ्यायची, नाहीतर चाक हबच्या मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं.

बोल्टची बैठकही पाहायची. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचा बसणारा भाग गोलाकार असतो, बाहेरच्या अलॉयना बहुधा 60 अंशांचा शंकूसारखा लागतो. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत बारीक रेघेवरच टेकतो आणि सैल होतो. बोल्ट हातानं फिरवून किमान आठ फेरे आत जायला हवेत. शेवटी टॉर्क पान्यानं पोलोला 120 न्यूटन-मीटर द्यायचे आणि पन्नास-साठ किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे.

चाक लहान का हवं

रस्त्यावर 17 इंची चाक रुबाबदार दिसतं, ड्रॅगमध्ये ते आड येतं. चाकाला पुढे जायचं असतं आणि फिरायचंही असतं. त्यामुळे रिमच्या कडेजवळचा एक किलो गाडी पळवताना जवळजवळ दोन किलोंइतका जड पडतो. शिवाय लहान रिमवर टायरची भिंत उंच राहते. झेपावतानाचा झटका ती वाकून पचवते आणि टायर रस्त्याला धरून राहतो.

किती लहान, हे ब्रेक ठरवतात. रिमच्या आतली जागा तिच्या नावातल्या इंचांपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे डिस्कचा व्यास कागदावर ताडून भागत नाही. टायर न चढवलेली रिम हबवर लावून हातानं फिरवायची. कॅलिपरवर मऊ मातीची गोळी चिकटवली तर फट किती उरली ते कळतं. तीन मिलिमीटरपेक्षा कमी नको. साध्या पोलोवर मूळचीच 15 इंची चाकं येत असल्यानं हा प्रश्न सहज सुटतो.

आता टायर. कंपनीचा 185/60 आर15 घ्या. रुंदी 185 मिलिमीटर, भिंत तिच्या 60 टक्के, म्हणजे 111. दोन भिंती 222 आणि रिमचे 381 मिळून उंची 603 मिलिमीटर. 205/50 आर15 चा हिशेब 586 येतो. उंची 2.8 टक्के घटली, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ जवळपास तेवढीच वाढली. ड्रॅगला हा फायदा आहे. त्याची किंमत म्हणजे स्पीडोमीटर थोडा जास्त वेग दाखवतो आणि गाडी साडेआठ मिलिमीटर खाली बसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असतो. गल्लीबोळातले ते माप पाळतातच असं नाही. त्यामुळे यापेक्षा लहान टायर रोजच्या गाडीला नको.

रुंदी आणि ऑफसेट

इथेच सर्वाधिक गफलत होते. रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारी सपाटी यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट; रिमवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेलं असतं. आकडा मोठा तितकं चाक आत, लहान तितकं बाहेर.

समजा जुनी रिम 6 इंच रुंद, ईटी 40. नवी 7 इंच, ईटी 35. रुंदी एक इंचानं वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना 12.7 मिलिमीटर. ऑफसेट पाचनं घटल्यामुळे सगळं चाक पाच मिलिमीटर बाहेर सरकलं. आतली कड 7.7 मिलिमीटर आत गेली, बाहेरची 17.7 बाहेर आली. आत स्ट्रटपर्यंत तेवढी जागा आहे का, बाहेर फेंडर घासेल का, हे या दोन आकड्यांवरून कळतं. मग चाक लावून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचं आणि लोअर आर्मखाली जॅक देऊन सस्पेन्शन दाबलेल्या स्थितीतही पाहायचं. मूळ ऑफसेटपासून फार दूर गेलं की बेअरिंगवर ताण येतो आणि स्टिअरिंग जड किंवा चंचल होतं.

ताकद आणि कायदा

हलकं चाक म्हणजे पातळ चाक नव्हे. ओतीव अलॉयपेक्षा फोर्ज केलेलं चाक तेवढ्याच ताकदीला हलकं होतं, पण महाग पडतं. पुण्यातच 1966 साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही संस्था वाहनं आणि त्यांचे सुटे भाग तपासते. अलॉय चाकांच्या चाचण्यांत वळणाचा ताण, वजनाखाली सतत फिरणं आणि आघात, तिन्ही पाहतात. रिमवर आयएसआय चिन्ह आणि कमाल भाराचा आकडा शोधा. दोन्ही नसतील तर ती रिम खड्ड्यांच्या रस्त्यावर नको.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ मापांत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. फेंडरबाहेर आलेलं चाक पहिलं नजरेत भरतं. आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कलम 189 खाली गुन्हा आहे.

सगळा हिशेब मांडला की पोलोसारख्या गाडीला उत्तर साधं निघतं: 15 इंची, साडेसहा ते सात इंच रुंद, मूळच्या जवळच्या ऑफसेटची हलकी रिम. कंपनीची चाकं विकू नका. त्यांच्यावर रोजचे टायर राहू द्या, विशेषतः जून ते सप्टेंबर. जास्त पकडीचे, कमी खाचांचे टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतात. नवा संच डिकीत टाकून धावपट्टीवर न्या, तिथे बदला आणि परतीला जुनी चाकं चढवूनच घाट उतरा.